चाळशी, ढापण आणि गांधी चष्मा: चाळिशीनंतरच्या चष्म्यांचे परीक्षण

चष्म्याची मराठी बोलीतली जुनी नावे आता मागे पडत चालली आहेत. चष्मा विकत घेताना मात्र ती आजच्या दुकानातल्या चकचकीत माहितीपत्रकांपेक्षा अधिक उपयोगी पडतात, असे माझे मत झाले आहे. मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय असल्यामुळे दिवसाचा बराचसा वेळ बारीक टायपातली मुद्रिते, म्हणजे छपाईआधी तपासायच्या प्रती, डोळ्यांसमोर असतात. त्यात ‘रु’ आणि ‘रू’ यांतला शेपटीएवढा फरक, अक्षराच्या डोक्यावर हवा असलेला किंवा नको असलेला अनुस्वार आणि रफाराचे टोक नेमके कोणत्या अक्षरावर आहे हे चष्म्यातून दिसले नाही, तर तो चष्मा कितीही महाग असला तरी माझ्या दृष्टीने निकामी ठरतो. या कसोटीवर मी पदपथावरची तयार चाळशी, दुकानातून करवून घेतलेली चाळशी, बायफोकल (वर दूरचा, खाली जवळचा नंबर असलेला) आणि प्रोग्रेसिव्ह (तसाच, पण मध्ये रेघ नसलेला) असे चारही प्रकार वापरून पाहिले आहेत आणि त्यांविषयीच पुढे लिहीत आहे.

आधी नावांबद्दल, कारण त्यांच्यावाचून पुढचे नीट सांगता येणार नाही. ‘चाळशी’ हा त्यांतला सर्वांत नेमका शब्द आहे. चाळिशीच्या सुमारास सुईत दोरा ओवता येईनासा होतो, तांदूळ निवडताना खडा चुकतो, वर्तमानपत्र हात लांब करून धरावे लागते, आणि मग घरातले कोणीतरी म्हणते, ‘तुला चाळशी लागली.’ म्हणजे वय, डोळ्याची स्थिती आणि त्यावरची वस्तू या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात सांगून झाल्या. ‘आजोबांची चाळशी’ म्हटले की नाकाच्या शेंड्यावर उतरलेला आणि ज्याच्या वरून पाहता येते असा छोटा चष्मा डोळ्यांसमोर येतो. दूरचे पाहायला त्याची गरज नाही, जवळचे पाहायला मात्र त्याच्यावाचून भागत नाही, हे त्या शब्दाने बजावलेले असते. ‘उपनेत्र’ हा संस्कृत वळणाचा शब्द छापील मजकुरात राहिला आणि फारसीतून आलेला ‘चष्मा’ सर्वांच्या तोंडी रुळला, पण या दोघांतही असे निदान नाही.

‘ढापण’ हा दुसरा शब्द. शाळेत चष्मा लागलेल्या मुलाला ‘ढापण्या’ म्हणून चिडवण्याची रीत माझ्या पिढीतल्या बहुतेकांना आठवत असेल. त्याच्या जोडीला ‘चष्मिस’ आणि ‘बॅटरी’ हेही होते, आणि ज्याची भिंगे फार जाड असत त्याच्या वाट्याला सोडावॉटरची बाटली येई. या चिडवण्याने अनेक मुलांनी, आणि मुलींनी तर अधिकच, चष्मा दप्तरातच ठेवून फळ्यावरची अक्षरे अंदाजाने उतरवली आहेत, त्यामुळे ही थट्टा निरुपद्रवी होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण शब्दाचा मूळ अर्थ पाहण्यासारखा आहे. टांग्याच्या घोड्याच्या किंवा घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवर बांधायची झापड म्हणजे ढापण. इंग्रजीतही चष्म्याची जुनी टोपणनावे घोड्याच्या अवतीभोवतीच सापडतात, हा योगायोग मला फार आवडतो. घोड्याला वठणीवर आणण्यासाठी त्याच्या नाकाला लावायच्या चिमट्याचे नाव ‘बार्नकल्स’, तेच पुढे नाकावर बसणाऱ्या चष्म्याला मिळाले. एकोणिसाव्या शतकात घोडागाडीच्या दोन बाजूंच्या दिव्यांवरून चष्म्याला ‘गिग-लॅम्प्स’ म्हणू लागले. चष्मा हा पाहण्याला मदत करतो तसाच पाहण्याची दिशाही बांधून टाकतो, हे आपल्या ढापणात आहे, आणि प्रोग्रेसिव्ह चष्म्याबद्दल बोलताना मला या शब्दाकडे परत यावे लागणार आहे.

चाळशी लागते ती डोळ्याच्या आतले नैसर्गिक भिंग वयाबरोबर ताठर होत गेल्यामुळे. लहानपणी हे भिंग फुगून जवळच्या वस्तूवर सहज स्थिरावते. चाळिशीपर्यंत ही क्षमता बरीच कमी झालेली असते आणि साठीच्या आसपास जवळजवळ संपते. म्हणूनच जवळचा जादा नंबर, ज्याला दुकानात ‘ॲडिशन’ किंवा नुसते ‘ॲड’ म्हणतात, तो सुरुवातीला +१.०० च्या आसपास असतो आणि वाढत वाढत साधारण +२.५० वर येऊन थांबतो. ज्यांना तरुणपणापासून दूरचे पाहायला उणे नंबर आहे, ते पुष्कळदा ‘मला चाळशी लागलीच नाही’ असे अभिमानाने सांगतात. तीही भिंगाचीच किमया असते, कारण −२.५० नंबर असलेल्या माणसाने चष्मा काढला की त्याची नजर आपोआप ४० सेंटिमीटरवर, म्हणजे पुस्तकाच्या अंतरावरच, स्थिर झालेली असते. अशा माणसाने वाचण्यासाठी नवा चष्मा घेण्याऐवजी आहे तो काढून ठेवावा. दुकानदार काहीही सुचवो.

आता तयार चाळशी. मंडईच्या आसपास, एसटी स्थानकांबाहेर, औषधांच्या दुकानांत शे-दोनशे रुपयांना मिळणारा हा चष्मा हिणवण्यासारखा नाही. आसामातल्या चहाच्या मळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांवर केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळचा चष्मा मिळालेल्या कामगारांची पानतोडणी चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. चाळशी ही केवळ वाचणाऱ्यांची गरज आहे, ही समजूत त्या एका आकड्याने मोडून पडते. शिवणकाम, सोनारकाम, भाजी निवडणे, मोबाइलवर आलेला पैशांचा संदेश वाचणे या सगळ्यांसाठी तयार चाळशी उत्तम आहे आणि ती घरात दोन-तीन ठिकाणी ठेवायलाही परवडते.

तिच्या मर्यादा मात्र जाणून घ्यायला हव्यात. दोन्ही डोळ्यांना सारखाच नंबर आणि सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईसाठी द्यावा लागणारा नंबर, अजिबात नाही, ही पहिली मर्यादा. दोन डोळ्यांत अर्ध्या नंबराचा फरक असणे किंवा थोडा सिलिंडर असणे ही तर अगदी सामान्य गोष्ट आहे. दुसरी मर्यादा कमी लोकांना ठाऊक असते. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर यावा लागतो, आणि दोन बाहुल्यांमधले अंतर, म्हणजे दुकानातला ‘पीडी’, माणसागणिक वेगळे असते. शिवाय जवळ पाहताना डोळे आत वळतात, तेव्हा ते आणखी तीन-चार मिलिमीटरनी कमी होते. तयार चष्म्यात ते अंतर सर्वांसाठी एकच धरलेले असते. +२.५० च्या भिंगात दोन्ही डोळे मिळून चार मिलिमीटरची चूक राहिली, तर एका प्रिझमइतका (भिंग प्रकाश किती वळवते ते मोजायचे हे एकक) ताण डोळ्यांवर येतो. किराणा यादी वाचताना तो जाणवत नाही, पण सबंध दुपारभर मुद्रिते वाचली तर कपाळ दुखायला लागते, ओळ सुटते आणि दोष डोळ्यांचा आहे असे वाटत राहते.

करवून घेतलेली चाळशी, म्हणजे केवळ जवळच्या नंबराचा, एकाच नंबराचा, मोजमाप घेऊन केलेला चष्मा, हा माझ्या मते या चौघांतला सर्वश्रेष्ठ आहे, आणि हेच मला या लेखात सर्वांत ठासून सांगायचे आहे. आजकाल दुकानात गेल्यावर हा पर्याय कोणी दाखवतच नाही. चाळिशी ओलांडलेल्या गिऱ्हाइकासमोर थेट प्रोग्रेसिव्हची दरसूची ठेवली जाते, आणि नुसती चाळशी मागितली तर ‘ती आता कोण वापरतं’ असा भाव समोरच्या चेहऱ्यावर दिसतो.

मला ती नीट मिळाली पुण्याच्या पेठेतल्या एका जुन्या दुकानात. काउंटरवर उलटसुलट होणारी अक्षरपाटी, ट्रायल फ्रेमची, म्हणजे नंबर तपासताना भिंगे बदलून पाहायच्या चौकटीची, लाकडी पेटी आणि काड्या गरम करून वाकवण्याचा छोटा तवा असे ते दुकान आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर जवळचा नंबर लिहिलेला होता, तरी तिथल्या वयस्क गृहस्थांनी तो तसाच घेतला नाही. त्यांनी विचारले, ‘ताई, काम कशाचं करता?’ मुद्रिते वाचते म्हटल्यावर त्यांनी टेबलावरचा एक छापील कागद माझ्या हाती दिला. मी तो पाटीसमोर धरावा तसा ताठ धरला, तेव्हा म्हणाले, ‘असं नका धरू. घरी धरता तसं धरा, मान घाला खाली, पेन घ्या हातात.’ मग मोजपट्टीने माझ्या डोळ्यापासून कागदापर्यंतचे अंतर मोजले. ते ३५ सेंटिमीटर भरले. चिठ्ठीवरचा नंबर ४० सेंटिमीटरवरच्या पाटीसाठी काढलेला होता. ट्रायल फ्रेममध्ये पाव नंबर वाढवून त्यांनी तोच कागद पुन्हा वाचायला सांगितला आणि मग समोरचा संगणक दाखवून ‘हा आता धूसर दिसेल, चालेल ना?’ असेही विचारून घेतले. एवढे साधे प्रश्न कोणत्याही यंत्राने मला विचारले नव्हते.

त्या चष्म्यातून पानाच्या डाव्या समासापासून उजव्या समासापर्यंत सगळी ओळ सारखीच स्वच्छ दिसते. मान हलवावी लागत नाही, नजर फिरली की पुरते. नऊ पॉइंटातल्या टीपांमधला अनुस्वार आणि शाईचा डाग यांत फरक करता येतो. प्रिंट फिकट असेल तेव्हा दिवा जवळ घ्यावा लागतो, पण तो कोणत्याही चष्म्यात घ्यावा लागेल, कारण वाढत्या वयात डोळ्याला उजेडच अधिक लागतो. गैरसोय उघड आहे: मान वर केली की खोली धूसर, दारात कोण उभे आहे ते कळत नाही. त्यावरचा उपाय जुन्यांनी करूनच ठेवलेला आहे. चष्मा लहान घ्यावा, नाकावर थोडा खाली बसवावा आणि त्याच्या वरून पाहावे. अर्धचंद्राच्या आकाराची फ्रेम खास त्यासाठीच असते आणि अजूनही मागवून मिळते. ज्यांना दूरचा नंबर नाही किंवा अगदी थोडा आहे, त्यांच्यासाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही.

बायफोकलबद्दल थोडक्यात सांगते. एकाच चौकटीत दोन भिंगे अर्धी-अर्धी बसवण्याची युक्ती बेंजामिन फ्रँकलिनने १७८५ सालच्या पत्रात वर्णन करून ठेवली आहे. आपल्याकडे खालच्या भिंगाचा गोल तुकडा असलेला तो ‘केटी’ आणि वरची कड सरळ असलेला तो ‘डी’. निवडायचाच असेल तर ‘डी’ घ्यावा, कारण गोल तुकड्याच्या कडेवरून नजर खाली उतरताना चित्र जेवढे उडी मारते तेवढे त्यात मारत नाही, आणि वाचायला रुंदीही जास्त मिळते. शिक्षकांना, दुकानदारांना, म्हणजे क्षणात गिऱ्हाइकाकडे आणि क्षणात वहीकडे पाहणाऱ्यांना हा अजूनही चोख आहे. मधल्या अंतरावरचा संगणक मात्र दोन्ही भागांच्या फटीत सापडतो. भिंगावरची रेघ वय सांगते म्हणून तो टाळणाऱ्यांचे मला पटत नाही.

प्रोग्रेसिव्हवर मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पैसे तिथेच सर्वांत जास्त जातात. फ्रान्समध्ये बर्नार मेत्नाझ यांनी आखलेले व्हॅरिलक्स हे भिंग १९५९ साली बाजारात आले आणि त्यानंतर या प्रकाराचा प्रसार झाला. वर दूरचा नंबर, खाली जवळचा आणि मध्ये रेघ नसलेली, हळूहळू चढत जाणारी वाट, अशी ही रचना आहे. चालता-बोलता, बाजारात, प्रवासात, सभेत हा चष्मा खरोखरच सुखाचा आहे. बसची पाटी, वाहकाचा चेहरा आणि हातातले तिकीट हे तिन्ही चष्मा न काढता दिसतात. अशा दिवशी मी तोच लावते आणि त्याच्यावर पूर्ण समाधानी आहे.

पण त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना धूसर पट्टे असतात आणि ते कोणत्याही कंपनीला पूर्णपणे काढता येत नाहीत. मधल्या रेषेवर नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या सुमारे दुप्पट वेगाने बाजूंना नको असलेला सिलिंडर वाढतो, हे १९६३ साली गणिताने दाखवून दिलेले आहे. महागडी भिंगे हा दोष इकडून तिकडे सरकवतात, पसरवतात, सौम्य करतात. नाहीसा करीत नाहीत. त्यामुळे प्रोग्रेसिव्ह लावून पुस्तकाचे पान वाचताना ओळीच्या शेवटाकडे मान वळवावी लागते आणि जिन्यावरून उतरताना पायरी पाहण्यासाठी हनुवटी छातीला टेकवावी लागते. ढापण हा शब्द मला इथे तंतोतंत लागू वाटतो: समोर स्वच्छ, बाजूला झापड. ऑस्ट्रेलियात वृद्धांवर झालेल्या अभ्यासांत बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण अधिक आढळले होते. म्हणून घरातल्या ज्येष्ठांना पहिल्यांदाच हा चष्मा घेऊन देणाऱ्यांनी जिना आणि मोरीचा उंबरठा यांचा विचार आधी करावा, असे मी कळकळीने सांगेन.

प्रोग्रेसिव्ह चांगला की वाईट हे भिंगाइतकेच मोजमापावर ठरते. माझा पहिला प्रोग्रेसिव्ह एका मोठ्या, वातानुकूलित दुकानातून घेतलेला होता. तिथे फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवण्याआधीच, मी उभी असताना, एका झटक्यात बाहुल्यांच्या खुणा केल्या गेल्या, आणि चष्मा आला तेव्हा वाचण्याचा भाग इतका खाली गेला होता की डोळे अक्षरशः गालाकडे वळवावे लागत. ‘पंधरा दिवसांत सवय होईल’ हे उत्तर तेव्हा मिळाले. थोडा काळ जुळवून घ्यायला लागतो हे खरे, पण चुकीच्या उंचीची सवय होत नाही. भिंगे बदलूनच द्यावी लागतात, आणि आग्रह धरल्यावर ती दिलीही गेली. वाचकांनी स्वतः तपासता येईल अशी एक गोष्ट सांगते. प्रोग्रेसिव्ह भिंग दिव्यासमोर तिरपे धरून, गडद पार्श्वभूमीवर हळूहळू कलवून पाहिले, तर त्यावर दोन अगदी सूक्ष्म कोरीव खुणा दिसतात, एकमेकींपासून ३४ मिलिमीटर अंतरावर. कानाकडच्या खुणेखाली ॲडिशनचा आकडा आणि नाकाकडच्या खुणेखाली भिंगाच्या प्रकाराचे चिन्ह कोरलेले असते. पावतीवरचा नंबर आणि भिंगावरचा आकडा जुळतो का, आणि सांगितलेल्याच प्रकाराचे भिंग बसवले आहे का, हे त्यावरून कळते. खुणा सापडायला थोडा वेळ लागतो, पण काही हजारांपासून वीस-तीस हजारांपर्यंत किमतीच्या वस्तूसाठी तेवढा वेळ काढावा.

फ्रेमच्या बाबतीत ‘गांधी चष्मा’ या नावाचा मोह सध्या पुन्हा वाढलेला दिसतो. पातळ तारेची लहान गोल चौकट, कधीकधी कानाभोवती वळणाऱ्या काड्याही. महात्माजींचा म्हणून ओळखला जाणारा असा एक चष्मा २०२० साली ब्रिस्टलच्या लिलावात २ लाख ६० हजार पौंडांना गेला, आणि २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानाच्या बोधचिन्हात तीच गोल भिंगे आहेत. चाळशीसाठी ही फ्रेम आदर्श आहे: हलकी, लहान, भिंगाची जाडी लपवणारी. प्रोग्रेसिव्हसाठी मात्र ती घेताना मोजून घ्यावी, कारण दूरच्या नंबरापासून जवळच्या नंबरापर्यंतची वाट साधारण १४ ते १८ मिलिमीटर लांब असते आणि बाहुलीखाली तेवढी काच नसेल तर वाचण्याचा भाग कापलाच जातो. आखूड वाटेची भिंगे मिळतात, पण वाट आखूड म्हणजे नंबराची चढण उभी आणि बाजूची झापड अधिक दाट.

लेपांपैकी प्रकाशाचे परावर्तन कमी करणारा लेप घ्यावा. रात्री दिव्याखाली वाचताना त्याचा लाभ स्पष्ट दिसतो. ‘ब्लू कट’साठी, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या भिंगांसाठी, मात्र जादा पैसे देऊ नयेत असे माझे मत आहे. संगणकामुळे येणारा डोळ्यांचा शीण त्याने कमी होत असल्याचा आधार २०२३ साली झालेल्या कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यातही सापडला नाही, आणि त्या भिंगांची पिवळसर छटा मला मुद्रितांवर लाल व केशरी शाईच्या खुणा वेगळ्या ओळखताना अडथळा आणते. संगणकापुढे दिवस घालवणाऱ्यांनी तेच पैसे ६०-७० सेंटिमीटर अंतरासाठी काढलेल्या वेगळ्या नंबराच्या साध्या चष्म्यावर खर्च करावेत.

तयार चाळशी घेणाऱ्यांना एक धोका आहे आणि तो चष्म्याचा नाही. पदपथावर चष्मा मिळाला की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाणे राहून जाते, आणि काचबिंदू नेमका याच वयानंतर, काहीही न दुखता, कडेची नजर खात पुढे सरकतो. चाळशी शंभर रुपयांची घ्या, पण डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासून घ्या.

दुकानांकडून माझी मागणी एवढीच आहे की पावतीवर फ्रेमचे नाव आणि किंमत यांच्या जोडीला दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी पीडी, प्रोग्रेसिव्ह असेल तर बसवलेली उंची, आणि जवळचा नंबर किती सेंटिमीटर अंतरासाठी धरला आहे तो आकडा लिहून द्यावा. पेठेतल्या त्या दुकानाने मला न मागता तो पावतीच्या मागे पेन्सिलीने लिहून दिला होता, आणि पुढचा चष्मा दुसऱ्या गावी करवून घेण्याची वेळ आली तेव्हा तिथल्या दुकानदाराला त्यावरून काम करता आले.